भुंगा आणि रुई

पडीक माळावर, रस्त्याकडेला माजलेली रुई (कॅलोट्रोपिस जायगँटिया) आणि तिच्या फुलांभोवती गुणगुणणारा मोठा काळा भुंगा (झायलोकोपा लॅटिपेस). रुईला पहिले शास्त्रीय नाव दिले स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये, भुंग्याला इंग्रज कीटकसंग्राहक ड्रुरीने १७७३ मध्ये. मराठीत ‘भुंगा’ म्हणजे टणक पंखांचा किडाही. इथला भुंगा मात्र मधमाशीचा भाऊबंद आहे.

त्याला पोळे नसते. मादी एकटीच वाळक्या लाकडात बोटभर रुंदीचे भोक कोरते. खाली भुसा सांडलेला दिसला की वर घर आहे असे समजावे. आत भुशाच्याच भिंती घालून खोल्या पाडते आणि प्रत्येक खोलीत पराग-मकरंदाच्या गोळ्यावर एक अंडे घालते. कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो, हा ज्ञानेश्वरीतला दृष्टान्त. त्यातला लाकडाचा भाग तरी शब्दशः खरा आहे. डंख फक्त मादीला असतो.

रुईचे पान तोडले की पांढरा चीक गळतो. तो विषारी असतो, डोळ्यात गेला तर इजा करतो. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ.

फुलात परागकण सुटे नसतातच. ते मेणचट, चपट्या पिशव्यांत गच्च भरलेले असतात आणि अशा दोन पिशव्या एका बारीक चिमट्याला लोंबतात. मकरंद पिताना भुंग्याचे अंग फुलातल्या खाचेला लागते, चिमटा चिकटतो आणि हिसक्यासरशी पिशव्या ओढल्या जातात. दुसऱ्या फुलाच्या खाचेत त्या नेमक्या बसल्या तरच परागण. लहान माशांना हे ओझे ओढणे सहसा झेपत नाही.

म्हणून दोघांची गरज सारखी नाही. भुंग्याला रुईकडून मिळतो तो मकरंद. पिल्लांसाठी लागणारा सुटा पराग गोळा करायला त्याला बहावा, ताग अशा फुलांकडे जावेच लागते. रुई नसली तरी त्याचे भागते. रुईचे मात्र अशा दांडग्या पाहुण्यावाचून अडते, आणि तो येऊनही भरगच्च झुबक्यात बोंडे धरतात एखाद-दोनच. ती तडकली की रेशमी झुपक्याचे बी वाऱ्यावर निघते. पोरे त्याला म्हातारी म्हणतात आणि मागे धावतात.