सहा की आठ, हे गर्भातच ठरतं

‘तीस दिवसांत एट पॅक’, म्हणजे पोटावर उठून दिसणारे स्नायूंचे आठ उंचवटे, अशी हमी देणारे व्हिडिओ पाहून पंधरा-सोळा वर्षांची पोरं जिममध्ये रोज शेकडो क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारतात आणि सहाचे आठ होत नाहीत म्हणून खचतात. सहाचे आठ करणारा व्यायाम अस्तित्वातच नाही. कारण पोटाच्या रचनेत आहे, आणि ते मला त्या पॅकपेक्षाही देखणं वाटतं.

पोटाच्या पुढच्या बाजूला रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस हा स्नायू ओटीपोटाच्या हाडापासून बरगड्यांपर्यंत उभा जातो. उजवा आणि डावा असे त्याचे दोन पट्टे, मधोमध लिनिया अल्बा ही उभी पांढरी रेघ. प्रत्येक पट्ट्याला कंडरेसारख्या चिवट ऊतीच्या आडव्या रेघा छेदतात, बहुधा तीन. त्या स्नायूच्या पुढच्या आवरणाला घट्ट चिकटलेल्या असतात, मागच्याला नाही. गादीला टाके घातले की मधला कापूस फुगून दिसतो, तसाच दोन रेघांमधला स्नायू पुढे उठून दिसतो. तीन रेघा म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ भाग. पण नाभीखालची जोडी लांब आणि सपाट असल्याने सहसा मोजली जात नाही. कुणाला दोनच रेघा असतात, कुणाला चार. सात वेळा मिस्टर ऑलिंपिया झालेल्या अर्नॉल्ड श्वार्झनेगरच्या पोटावर ठळक चारच भाग दिसत.

या रेघा येतात कुठून? गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पाठीच्या बाजूने सोमाइट नावाच्या पेशींच्या गाठी जोडीजोडीने तयार होतात. मणके, बरगड्या आणि धडाचे स्नायू त्यांतूनच घडतात. प्रत्येक सोमाइटच्या वाट्याला मज्जारज्जूतून निघणारी स्वतःची नस येते. त्यातल्या स्नायुपेशी ती नस घेऊन पाठीकडून पोटाकडे सरकतात, आणि शेजारच्या गटांशी जुळून एक लांब पट्टा बनतो. जुळताना बहुतेक सीमा पुसल्या जातात, काही राहतात. राहिलेल्या त्या या आडव्या रेघा. डाव्या-उजव्या बाजूला हे स्वतंत्रपणे घडतं, म्हणून कित्येकांचे पॅक समोरासमोर येत नाहीत, आणि त्यात व्यायामाची काहीच चूक नसते. नसांची विभागणी मात्र जन्मभर टिकते: या एकाच स्नायूला छातीच्या भागातल्या सातव्या ते बाराव्या नसा पायरीपायरीने पुरवठा करतात.

त्वचेचीही हीच वाटणी असते आणि नागीण झाली की ती डोळ्यांना दिसते. नागिणीचा विषाणू एका नसेच्या पट्ट्यात पसरतो, म्हणून पुरळ सहसा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतं. ‘वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो’ या समजुतीपायी लोक अजून मंत्र घालायला जातात, आणि पहिल्या ७२ तासांत सुरू करायच्या अँटिव्हायरल गोळ्या राहून जातात. याची मला खरोखर चीड येते.

व्यायामाने काय होतं? स्नायूचे तंतू जाड होतात, मधले भाग उठतात, रेघा खोल वाटतात. पण वर चरबीचा थर असेल तर काहीच दिसत नाही, आणि पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी वितळत नाही. अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं रक्तातून सगळीकडे पोचतात आणि चरबीच्या पेशींना फॅटी आम्लं सोडायला लावतात. कुठली पेशी किती ऐकेल हे तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींवर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप टिपणाऱ्या रेणूंवर, ठरतं, आणि इथे जनुकं येतात. कॅनडात संशोधक क्लोद बूशार यांच्या गटाने १२ एकसारख्या जुळ्या जोड्यांना एकूण ८४ दिवस, दिवसाला १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. निष्कर्ष १९९० साली आले. कुणाचं वजन ४.३ किलोने वाढलं, कुणाचं १३.३. पण जोडीतल्या भावाभावांत वाढ बरीच सारखी होती, विशेषतः पोटाच्या आतली चरबी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये त्यांचा एकत्र फोटो छापला. म्हणूनच वजनकाट्यावर सडपातळ ठरलेल्या आपल्या पोरांच्या रेघा बऱ्याचदा चरबीखालीच राहतात. त्यांना नुसत्या क्रंचेसपेक्षा पाय, पाठ, खांदे अशा मोठ्या स्नायूंचा व्यायाम आणि ताटात पुरेसं प्रथिन जास्त उपयोगी पडेल.