चाळीशीतच सळया का उघड्या पडल्या?

मुंबई-ठाण्यातल्या १९७०-८०च्या सोसायट्या बघा, बीमला सळईच्या रेषेत चिरा, बाथरूमखालच्या स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसतायत. सगळे बिल्डरला शिव्या घालतात, ते बरेचदा खरंही असतं, पण गोष्ट तेवढीच नाहीये.

ताज्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) १२.५-१३ असतो, त्यात सळईवर अगदी पातळ थर बसतो आणि ती गंजत नाही, म्हणून कित्येक वर्षं आरसीसीला (सळया घातलेल्या काँक्रीटला) मेंटेनन्स नको असंच समजत होते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत जाऊन पीएच ९ च्या खाली आला किंवा मीठ सळईपर्यंत पोचलं की तो थर जातो. आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, आतूनच फुटतं.

आता तो काळ आठवा. १९७८च्या आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये आरसीसीला किमान एम-१५ काँक्रीट चालायचं (एमपुढचा आकडा म्हणजे ताकद), स्लॅबला कव्हर १५ मिमी. सिमेंट सरकारी कंट्रोलमध्ये, परमिटवर मिळायचं, १९८२ ला कंट्रोल थोडा सुटला आणि १९८९ ला पूर्ण गेला. सिमेंट वाटपाच्या वादातच अंतुलेंना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं, यावरून टंचाई किती होती कळेल. त्यात खाडीची खारट रेती नीट न धुता वापरलेली, आणि सळई टॉरची, म्हणजे थंडच पिळलेली, जी पिळातल्या ताणामुळे गंजाला लवकर बळी पडते.

गोव्यात पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० ला सुरू झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला, सोळा वर्षांत! आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या (काँक्रीट आवळून धरणाऱ्या) केबल्स गंजल्या होत्या. आयएस ४५६ मध्ये टिकाऊपणाला खरं वजन मिळालं ते मात्र २००० साली, किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीला किमान एम-३० आणि ४५ मिमी कव्हर. मधल्या काळातल्या बिल्डिंगा तशाच राहिल्या. २००९ ला मुंबई महापालिका कायद्यात ३५३-बी हे कलम आलं आणि ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं झालं.

दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त चीड येते ती वरवरच्या पॅचची. पोपडे काढायचे, सळईवर ब्रश मारायचा, पॉलिमर मॉर्टर भरून रंग, की झालं. अहो, नव्या पॅचमधली सळई वाचते पण त्याच्या कडेला जुन्या खारट काँक्रीटमधली अजून जोरात गंजायला लागते, कारण आधी गंजणारा भागच तिला वाचवत होता! म्हणून सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडायला हवं, खूप बारीक झाली असेल तर जोडीला नवी सळई, आणि मीठ जास्त असेल तर पॅचच्या कडेने झिंकचे अॅनोड, म्हणजे सळईऐवजी झिंक खपतं. ही आयडिया नवी नाही, हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हेच केलं होतं, आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॅटफुल या इंजिनिअरने पुलाच्या डेकवर बाहेरून करंट देऊन सळया वाचवल्या. आपल्याकडे सोसायटीच्या कोटेशनमध्ये अॅनोडचा कॉलम आला की तोच पहिला कापला जातो.