इलेक्ट्रिक, हायब्रिड की पेट्रोलच बरी?
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कराड

नमस्कार. गाडी सर्व्हिसिंगला सोडून चहा घेताना हल्ली बरेच जण विचारतात, "पुढची गाडी इलेक्ट्रिक घेऊ का?" त्यावर आम्ही उलट दोन प्रश्न टाकतो. महिन्याचं रनिंग किती? आणि रात्री गाडी कुठे उभी असते? निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधीच सांगून टाकतो: इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत, क्लच नाही. तुम्ही ती घेतलीत तर आमचा गल्ला हलकाच होणार. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

किलोमीटरला किती पडतं?

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाव-हायवे मिळून १५ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. स्ट्राँग हायब्रिडने (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) २१ दिलं तर ५ रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि २३ चं ॲव्हरेज धरलं तर ४ रुपयांच्या आत. इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवरच्या एका युनिटमागे सव्वासहा किलोमीटरच्या आसपास जाते. चार्ज होताना वाया जाणारी वीज यात धरलीय. युनिट १२ रुपयांना पडलं तर किलोमीटरला १ रुपया ९० पैसे. हायवेच्या फास्ट चार्जरवर २२ रुपयांचा दर लागला तर तीन-साडेतीन रुपये.

आता यातली मेख. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे लाइट बिलात १६० युनिटांची भर. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. घरात एसी असेल तर गाडीची वीज वरच्या महाग टप्प्यात जाऊन बसते. म्हणून बिलाची सरासरी काढू नका, शेवटच्या टप्प्याचा दर पाहा. छतावर सोलर असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे.

किमतीतला फरक कधी फिटतो?

शोरूमची किंमत धरून घासाघीस नको, ऑन-रोड आकडा मागा. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के. छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्याने इलेक्ट्रिकचं आकर्षण थोडं घटलंय, हे खरं. दुसरीकडे, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, तर इलेक्ट्रिकला माफ. इलेक्ट्रिकचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही १५ टक्के कमी. मात्र "कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

सगळं धरून इलेक्ट्रिक पेट्रोलपेक्षा साडेतीन लाखांनी महाग पडली असं समजा. किलोमीटरला ५ रुपये १० पैसे वाचतात, म्हणजे फरक फिटायला ६८-६९ हजार किलोमीटर. महिन्याला १,५०० रनिंग असेल तर चार वर्षांच्या आत. ५०० असेल तर अकरा वर्षांच्या वर, आणि तोवर बॅटरीची ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी (बहुतेक कंपन्या साधारण एवढीच देतात) संपलेली असेल. लग्नकार्य आणि बाजारहाट एवढंच फिरणं असेल, तर आम्ही सरळ सांगतो, छोटी पेट्रोल घ्या.

घरचं चार्जिंग

गेल्या पावसाळ्याआधी पेठेतल्या एका ग्राहकाच्या जुन्या घरी गेलो होतो. नवी कोरी गाडी, चार्जर लावला की लाल दिवा. गाडी बिघडली म्हणून माणूस हवालदिल. टेस्टर लावून पाहिलं तर अर्थिंग नावालाच होतं, तार कुंडीच्या मातीत खोचलेली! परसात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग केलं, दिवा हिरवा झाला. गाडी बुक करण्याआधी वायरमनकडून अर्थिंग आणि मंजूर लोड तपासून घ्या. १५ अँपिअरच्या पॉइंटवर ३० युनिटांची बॅटरी भरायला बारा-तेरा तास लागतात, ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला पाच तास पुरतात. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, मग टोकन द्यावं.

लांबचा प्रवास

जाहिरातीतला रेंजचा आकडा हायवेला ९०-१०० च्या स्पीडने तीस-पस्तीस टक्के कमी धरा. कराड-पुणे १६० किलोमीटर, तेव्हा मोठ्या बॅटरीवर जाणं निवांत. परतीला मात्र कुठेतरी थांबावं लागेल. कुंभार्ली घाट चिपळूणकडे उतरताना बॅटरीचे टक्के घटायचे थांबतात, कधी एखादा वाढतोही. येताना त्याच घाटात आठ-दहा टक्के जादा जातात. फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो, तिथेच उठा. आणि इलेक्ट्रिकला टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे, समृद्धी आणि अटल सेतूवर. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूरला नेहमीसारखा टोल भरायचा.

हायब्रिड

"स्मार्ट हायब्रिड" म्हणून विकतात ती माइल्ड हायब्रिड. इंजिनाला जरा हातभार लावते, ॲव्हरेजमध्ये थोडाच फरक. स्ट्राँग हायब्रिड (हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी, हायक्रॉस यांची तशी मॉडेल्स) गर्दीत बराच वेळ इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते, म्हणून खरा फायदा पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये. सलग हायवेला तो घटतो. चार्जिंगची कटकट नाही, पण रोड टॅक्सची माफीही नाही. एक काळजी घ्या: कित्येक मॉडेल्समध्ये मागच्या सीटजवळ बॅटरी गार करणाऱ्या हवेची जाळी असते. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत ती उसाच्या पाचटाच्या भुशाने गच्च भरली होती. तिच्यावर पिशव्या ठेवू नका, दर सर्व्हिसिंगला ती साफ करून मागा.

डिझेल

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल घेऊन रोज चार किलोमीटर दुकानापर्यंत जाणाऱ्यांची गाडी हमखास आमच्याकडे येते. एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळीने भरतो. तो जाळून साफ व्हायला लांब, सलग पळणं लागतं. डिझेल लांब पळणाऱ्यांनीच घ्यावं.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ आपण पाहिलंय. गाडी कुठलीही असो, पाण्यात बुडाली की चालू करू नका. इलेक्ट्रिक वा हायब्रिडच्या जाड नारिंगी केबलला हात लावू नका, ते काम आम्हीसुद्धा करत नाही; गाडी उचलून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो. बाकी सस्पेन्शन, टायर, ब्रेक, १२ व्होल्टची छोटी बॅटरी हे सगळं आम्ही पाहतो. ही छोटी बॅटरी बसली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

हिशेब करून हवा असेल तर गेल्या तीन महिन्यांची लाइट बिलं आणि ओडोमीटरचे दोन फोटो (एक आजचा, एक महिन्यापूर्वीचा) घेऊन या. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. पैसे घेत नाही.