यकृताच्या नीलेतली लाट

पोट दुखतं म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलाची सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये अचानक 'फॅटी लिव्हर' असं लिहून येतं. आईवडील चक्रावतात, कारण हा तर दारू पिणाऱ्यांचा आजार ना? मुलांमध्ये तो बहुतेक वेळा वाढलेलं वजन, इन्शुलिनला नीट दाद न देणारं शरीर आणि आनुवंशिकता यांतून येतो. मुलाला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही.

चरबी साठलेलं यकृत सोनोग्राफीत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा जास्त पांढुरकं दिसतं. चरबी थोडीच असेल, तर तेही नजरेतून निसटतं. पण या चरबीचा रक्ताच्या वाटेवर काय परिणाम झाला, हे त्या पांढुरकेपणावरून कळत नाही. तिथे डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारी सोनोग्राफी, उपयोगी पडतो.

यकृताला मिळणारं सुमारे 75 टक्के रक्त धमनीतून नव्हे, तर आतड्यांकडून निघालेल्या पोर्टल व्हेन या नीलेतून येतं. पेशींच्या रांगांमधल्या अतिसूक्ष्म वाटांनी ते झिरपतं आणि यकृताच्या नीलांतून हृदयाकडे जातं. चरबीने फुगलेल्या पेशी या वाटा दाबू लागतात.

सोनोग्राफीत सोडलेल्या, धावत्या रक्तपेशींवर आपटून परतलेल्या ध्वनीची वारंवारता बदललेली असते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये हे तत्त्व मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना! त्यावरून रक्ताचा वेग आणि दिशा कळते. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो यकृताच्या नीलेचा आलेख. हृदयाचा उजवीकडचा वरचा कप्पा आकुंचन पावला की थोडं रक्त क्षणभर उलटं यकृताकडे ढकललं जातं. म्हणून निरोगी नीलेत आलेख वर-खाली हेलकावतो. भोवतालचं यकृत चरबीने भरलं, की नीलेची लवचीकता घटते आणि ती लाट सपाट होत जाते. पोर्टल व्हेनमधला वेगही मंदावू शकतो.

मात्र सपाट लाट म्हणजे फॅटी लिव्हरच, असं नाही. यकृतात तंतू वाढले तरी ती सपाट होते, आणि खोल श्वास रोखून धरला तरीही! जेवणानंतर पोर्टल व्हेनचा प्रवाह वाढतो, म्हणून तपासणी उपाशीपोटी करतात. लहान मूल रडत असेल, तर आलेख पार विस्कटतो. अशा वेळी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, बाजूला ठेवून मुलाशी गप्पा मारणं, हा तपासणीचाच भाग असतो; श्वास संथ झाला की मगच खरी लाट पडद्यावर उमटते.