डोस ठरतो कसा? माल्कम रोलंड आणि क्लिअरन्सचा हिशेब

गिळलेल्या गोळीतलं औषध रक्तात किती उतरतं, किती वेळ टिकतं आणि शरीर ते कसं बाहेर टाकतं, याचा हिशेब म्हणजे फार्माकोकायनेटिक्स. त्याची गणितं तशी जुनी. स्वीडनमधल्या उप्सालाच्या टोर्स्टन टेओरेल यांनी १९३७ मध्येच शरीराचे कप्पे कल्पून समीकरणं मांडली होती. विषयाला नाव मिळालं ते १९५३ मध्ये, फ्रीडरिश डोस्ट या जर्मन बालरोगतज्ज्ञांच्या ग्रंथातून. पण रक्तातल्या पातळीच्या आलेखाला बसणारे स्थिरांक काढून रुग्णाचं काय करायचं, हे डॉक्टरांना त्यातून कळत नसे. कप्पे कागदावर होते. यकृत आणि मूत्रपिंड पोटात.

ही दरी बुजवणाऱ्यांत ब्रिटिश संशोधक माल्कम रोलंड यांचं नाव आधी घ्यावं लागतं. लंडनला आर्नल्ड बेकेट यांच्याबरोबर त्यांनी ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधावर काम केलं. लघवी आम्लधर्मी असेल तर हे औषध झपाट्याने बाहेर पडतं, अल्कधर्मी असेल तर शरीरात रेंगाळतं, असं त्यात दिसलं. (खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांत बेकेट पुढे अग्रणी झाले, ते उगाच नव्हे.) तिथून रोलंड सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी रीगलमन यांच्याकडे गेले. तिथे ॲस्पिरिनचा माग काढताना आढळलं, की तोंडावाटे घेतलेल्या ॲस्पिरिनचा सुमारे एक तृतीयांश भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच विघटित होतो, सर्व शरीरात फिरणाऱ्या रक्तापर्यंत तो पोहोचतच नाही.

मग १९७३ मध्ये लेस्ली बेनेट आणि गॅरी ग्रॅहम यांच्यासोबतचा क्लिअरन्सवरचा निबंध आला. कल्पना मूत्रपिंडाच्या अभ्यासातून घेतलेली: एका मिनिटात किती रक्त औषधापासून पूर्ण मोकळं झालं? तीच आता यकृतालाही लागू झाली. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. हृदयाचे ठोके सावरायला दिलं जाणारं लिग्नोकेनसारखं औषध यकृत पहिल्याच फेरीत बहुतांश उचलतं, म्हणून त्याचा क्लिअरन्स रक्तप्रवाहावर अवलंबून राहतो. हृदय दुबळं झालं की प्रवाह घटतो, औषध साचतं, डोस कमी करावा लागतो. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरिनचं उलट. यकृत ते हळूहळू उचलतं, तिथे प्रवाहापेक्षा विकरांची ताकद आणि प्रथिनांना चिकटलेल्या औषधाचं प्रमाण महत्त्वाचं. आणि रक्तात हवी ती पातळी राखायची तर औषध देण्याचा वेग म्हणजे क्लिअरन्स गुणिले ती पातळी. इतकं सोपं सूत्र हाती आल्यावर हा विषय वॉर्डात शिकवता येऊ लागला. माझ्या मते या निबंधाचं खरं मोल हेच.

रोलंड १९७५ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक झाले. १९८० साली थॉमस टोझर यांच्याबरोबर लिहिलेलं पाठ्यपुस्तक निघालं. त्यात गणित शरीरक्रियेच्या मागून येतं आणि सोडवायला उदाहरणं भरपूर. पुढे माणसांवरच्या औषधचाचण्या करणारी मेडेव्हल ही कंपनीही त्यांनी मँचेस्टरमध्ये उभी केली. वर्ग, प्रयोगशाळा आणि उद्योग असं तिन्हीकडे त्यांचं येणंजाणं राहिलं.

उद्योगाला हे ज्ञान का हवं होतं? ब्रिटनच्या सात कंपन्यांचा आढावा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विकासाच्या वाटेवर सोडून दिलेल्या औषधांपैकी सुमारे ३९ टक्के फार्माकोकायनेटिक्समुळे बाद झाल्याचं दिसलं. हा आकडा सर्रास उद्धृत होतो, पण जपून वापरावा. यादीतून जंतुसंसर्गावरची औषधं वगळली तर तो सात टक्क्यांवर येतो. तरीही धसका खरा होता. शोषण आणि चयापचयाच्या चाचण्या कंपन्यांनी पहिल्या टप्प्यातच आणल्या. सन २००० पर्यंत या कारणाने बाद होणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत गेल्याचं नंतरच्या आढाव्यात नोंदलं गेलं. मँचेस्टरला लिऑन आरन्स आणि ब्रायन ह्यूस्टन यांच्यासह उभारलेल्या केंद्रात रोलंड यांनी कंपन्यांच्याच पैशावर पुढचं काम केलं: प्रत्येक अवयवाचं आकारमान आणि रक्तप्रवाह धरून, माणसाला औषध देण्याआधीच पातळीचा अंदाज बांधण्याचं.

भारतात फार्मसी कौन्सिलच्या बी.फार्म. अभ्यासक्रमात हा विषय सहाव्या सत्रात येतो. शिफारस केलेल्या पुस्तकांत रोलंड आणि टोझर यांचं पुस्तक आहे. महाराष्ट्रातले विद्यार्थी परीक्षेला मात्र बहुधा देशी गाइडावरच भागवतात.