लॅक्टिक अम्ल जीवाणूंतील प्लास्मिडे

दही, ताक, आंबील, इडलीचे पीठ आंबवणाऱ्या लॅक्टिक अम्ल जीवाणूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज आढळणारी, स्वतंत्रपणे द्विगुणित होणारी, बहुधा वर्तुळाकार डीएनएची कडी. ‘प्लास्मिड’ ही संज्ञा जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवली.

लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे (१९८५ पूर्वी स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस) काही वाण दूध आंबवण्याची शक्ती एकाएकी व कायमची गमावतात, हे निदान १९३०च्या दशकापासून नोंदलेले होते. त्याचा उलगडा १९७०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके व सहकाऱ्यांनी केला : दुग्धशर्करा वापरण्याची जनुके प्लास्मिडवर असतात आणि प्लास्मिड गळाले की गुणही जातो. केसीन (दुधातील मुख्य प्रथिन) तोडणाऱ्या प्रथिनभंजक एंझाइमाचे जनुक पुष्कळदा त्याच कडीवर असते. ते गेल्यास पेशी जगते, पण दूध फार सावकाश विरजते.

लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण तयार करतात त्या नायसीन या जीवाणुरोधक पदार्थाच्या जनुकांविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. हा गुण एका वाणातून दुसऱ्यात जातो, म्हणून ती प्लास्मिडवर असावीत, असे आधी मानले गेले. त्या गुणाशी जुळणारे प्लास्मिड मात्र खात्रीने दाखवता येईना. १९९०च्या सुमारास ती गुणसूत्रात बसलेल्या, सुमारे ७० किलोबेस (१ किलोबेस = डीएनएच्या १,००० बेसजोड्या) लांबीच्या संयुग्मनक्षम ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे पेशी-पेशींच्या थेट संपर्कातून (संयुग्मनाने) दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकणाऱ्या, जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यावर आढळली. हेच मत आता ग्राह्य धरावे. गुण संक्रमित होतो एवढ्यावरून प्लास्मिड सिद्ध होत नाही. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

लोण्याचा वास देणारे डायॲसिटिल हे द्रव्य दुधातील सायट्रेटपासून (सायट्रिक अम्लाच्या क्षारापासून) बनते. सायट्रेट पेशीत घेण्याचे जनुक लॅक्टोकॉकसमध्ये सुमारे ८ किलोबेसच्या प्लास्मिडवर असते. जीवाणुभक्षी विषाणूंना रोखणारी प्लास्मिडेही ज्ञात आहेत.

सोलापूरच्या दह्याला हे विवेचन जसेच्या तसे लावू नये. लॅक्टोकॉकसची वाढ ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम होते. इथला वैशाख ४० अंशांपलीकडे जातो. अशा उष्म्यात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या उष्णता मानवणाऱ्या दुसऱ्या लॅक्टिक अम्ल जीवाणूला वाव मिळतो. त्याच्यात प्लास्मिडे कमी असतात व दुग्धशर्करेची जनुके गुणसूत्रावरच असतात. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून केलेल्या आंबिलीत दुग्धशर्करा ताकातूनच येते. पिठाची साखर वेगळी. सकाळी आंबील शिजवली की जीवाणू बहुतांशी मरतात.

काही प्लास्मिडांवर टेट्रासायक्लीन व एरिथ्रोमायसीन या प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती देणारी जनुके असतात. ती संयुग्मनाने इतर जीवाणूंत जाऊ शकतात, म्हणून विरजणासाठी वाण निवडताना त्यांची तपासणी आवश्यक ठरते.