पार्कलँडच्या मुलांच्या आधी

२० फेब्रुवारी २०१८ या दिवशी टॅलाहासीत, फ्लोरिडाच्या विधानभवनात, प्रेक्षकांच्या सज्जात काही शाळकरी मुलं बसली होती. सहाच दिवस झाले होते. पार्कलँडमधल्या त्यांच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये १९ वर्षांच्या एका माजी विद्यार्थ्याने एआर-१५ धाटणीच्या, म्हणजे लष्करी रायफलीच्या नमुन्यावरच्या, रायफलीने १४ विद्यार्थी आणि शाळेतली ३ मोठी माणसं मारली होती. आणखी १७ जण जखमी होते. रायफल त्याने दुकानातून, रीतसर, कायद्याने घेतलेली होती. खाली सभागृहात प्रश्न साधा होता : अशा रायफलींवर बंदी घालणारं विधेयक निदान चर्चेला घ्यायचं का? ३६ जण हो म्हणाले, ७१ जण नाही. सज्जातल्या मुली रडू लागल्या. त्याच दिवशी त्याच सभागृहाने अश्लील चित्रफिती हा सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचा ठराव मात्र मंजूर केला.

त्या संध्याकाळी सात-आठ तासांचा प्रवास करून बसगाड्यांमधून आणखी शंभरेक विद्यार्थी टॅलाहासीत उतरले. बरोबर १७ दिवसांनी, ९ मार्चला, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. रायफल विकत घ्यायचं वय १८ वरून २१ झालं, खरेदी आणि ताबा यांच्यात तीन दिवस थांबणं आलं, गोळ्या झाडण्याचा वेग वाढवणाऱ्या 'बंप स्टॉक' या जोडवस्तूवर बंदी आली आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या हुकमाने काढून घ्यायची सोय झाली. रायफलबंदी नव्हतीच. उलट शाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याची तरतूद घुसली, जी या मुलांना नकोच होती. तरीही, ज्या राज्याला बंदुकांच्या प्रेमापायी 'गनशाइन स्टेट' म्हणून चिडवलं जातं, तिथे दोन दशकांत असं काही घडलं नव्हतं. सही झाली त्याच दिवशी बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेने, म्हणजे एनआरएने, कायद्याविरुद्ध दावा ठोकला.

'मुलांनी चमत्कार केला' असं तेव्हा जगभर छापून आलं. मला तो शब्द खटकतो. या मुलांच्या पायाखाली १९ वर्षांचं काम होतं, आणि ते दुसऱ्यांनी केलेलं होतं.

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला आधी हेच उमगत नाही की तिकडे वाद नेमका कशाचा आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा हक्क मानला जातो. १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. या दोन अर्ध्या वाक्यांचं नातं काय, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने तो हक्क व्यक्तीचा ठरवला. त्याच्या खूप आधी, १९७७ मध्ये, सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत एनआरएच्या कडव्या सदस्यांनी जुन्या नेतृत्वाला हटवलं होतं. नेमबाजी आणि शिकारीत रमणारी संघटना तिथून राजकीय लॉबी झाली. १९९३चा ब्रेडी कायदा आला, त्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची गुन्हेगारी नोंद तपासणं भाग पाडलं. १९९४ मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली, ती २००४ मध्ये मुदत संपून निमूट निघून गेली. नागरिकांच्या हातातल्या बंदुकांची संख्या २०१७च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार ३९ कोटींच्या वर होती. माणसांपेक्षा बंदुका जास्त.

कोलंबाइनपासून खरी गोष्ट सुरू होते. २० एप्रिल १९९९, कोलोरॅडोतलं कोलंबाइन हायस्कूल. दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलं आणि एक शिक्षक मारले. त्यांच्याकडच्या चारपैकी तीन बंदुका १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने 'गन शो'तून आणून दिल्या होत्या. गन शो म्हणजे बंदुकांची जत्राच. तिथे खासगी विक्रेत्याला कसलीही तपासणी करावी लागत नसे. मारल्या गेलेल्यांत टॉम माउजर यांचा १५ वर्षांचा मुलगा होता. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने जेवताना बापाला विचारलं होतं, ब्रेडी कायद्याला पळवाटा आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? पोराच्या मरणानंतर बापाने तो प्रश्न हातात घेतला. मुलाचे बूट बापाच्या मापाचे निघाले, ते घालून माउजर सभांना, सुनावण्यांना उभे राहू लागले.

त्या वर्षी मे महिन्यात सिनेटमध्ये गन शोची पळवाट बुजवणारी दुरुस्ती ५० विरुद्ध ५० अशी अडली. उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने ती सुटली आणि पुढे प्रतिनिधिगृहाच्या वाटेवर मेली. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र पुढच्या वर्षी थेट मतदानाने, ७० टक्क्यांनी, तीच पळवाट आपल्या राज्यापुरती बंद केली. वॉशिंग्टनमध्ये जमलं नाही तर राज्यात जमवायचं, ही पार्कलँडची पद्धत तिथे पहिल्यांदा दिसते. कोलंबाइनचे विद्यार्थीही बोलले होते. पण तेव्हा मुलाचा आवाज वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडून आणि टीव्हीच्या संपादकाकडून गाळून यायचा. त्याच्या हातात स्वतःचं काही नव्हतं.

बापांच्या पाठोपाठ आया आल्या. २००० च्या मदर्स डेला वॉशिंग्टनमध्ये 'मिलियन मॉम मार्च' निघाला. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण गेले. त्यांत तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते आणि वास्तुकला शिकायला मुंबईहून गेलेली एक मुलगी. ती बातमी मुंबईत पोचली तेव्हा कित्येक मराठी-गुजराती घरांना पहिल्यांदा कळलं, की ही बातमी परक्या देशाची राहिलेली नाही. १४ डिसेंबर २०१२ ला न्यूटाउनच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं. मुलं सहा-सात वर्षांची. दुसऱ्याच दिवशी पाच मुलांची आई असलेल्या शॅनन वॉट्स यांनी फेसबुकवर गट काढला, तो पुढे 'मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन' म्हणून राज्याराज्यांत पसरला. एप्रिल २०१३ मध्ये खरेदीदाराची तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ अशी अडकली. बहुमत होतं, पण चर्चा संपवायला ६० लागतात. वीस लहान मुलं गेल्यावरही काही हललं नाही, तर आता कधीच हलणार नाही, असं तेव्हा भले भले लिहून मोकळे झाले.

एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. सँडी हूकची वाचलेली मुलं प्राथमिक शाळेतली होती, ती स्वतःची बाजू मांडू शकत नव्हती. त्यांच्या वतीने कोणीतरी मोठंच बोलणार. पार्कलँडची मुलं १४ ते १८ वर्षांची होती, सगळं पाहिलेली, सगळं आठवणारी, आणि लवकरच मतदार होणारी.

किशोरवयीन मुलांनी स्वतः उभी केलेली चळवळ त्याआधीही होती. तिच्याकडे कॅमेरे वळले नाहीत, एवढंच. जानेवारी २०१३ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका बागेत १५ वर्षांची मुलगी गोळी लागून गेली. आठवडाभरापूर्वीच ती ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यात शाळेच्या पथकाबरोबर नाचून आली होती. तिच्या मैत्रिणींनी ठरवलं, नारिंगी घालायचं. जंगलात शिकारी नारिंगी घालतात ते दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यावर बंदूक रोखू नये म्हणून. आम्हीही माणसंच आहोत, आमच्यावर रोखू नका. आज जूनच्या पहिल्या शुक्रवारी देशभर नारिंगी कपडे दिसतात, ते या शिकागोच्या पोरींचं देणं आहे.

मग पार्कलँडचंच का ऐकलं गेलं? एक उत्तर कडू आहे : सधन, बहुतांशी गोऱ्या वस्तीतली शाळा होती. पार्कलँडच्या स्टोनमन डग्लसमधल्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मार्चअखेर स्वतंत्र पत्रकार परिषद घेऊन हे बोलून दाखवलं, की आम्हीही त्याच इमारतींत होतो, आम्हाला कोणी विचारलं नाही. चळवळीच्या म्होरक्यांनी ते नाकारलं नाही. मार्चच्या सुरुवातीलाच त्यांनी शिकागोच्या मुलांना घरी बोलावलं होतं, आणि उन्हाळ्यातला दोन महिन्यांचा बसदौरा शिकागोहूनच सुरू केला.

दुसरं उत्तर शाळेच्या वेळापत्रकात आहे, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. पार्कलँड ज्या जिल्ह्यात येतं त्या ब्रोवर्ड काउंटीच्या सरकारी शाळांमध्ये वादविवाद हा शौक नसून शिकवायचा विषय आहे. त्या वर्षी तिथल्या मुलांनी बंदूक खरेदीच्या तपासणीवर दोन्ही बाजूंनी भाषणं केली होती. १४ फेब्रुवारीच्या सकाळी राज्यशास्त्राच्या वर्गात हितसंबंधी गटांचा धडा चालू होता, उदाहरण एनआरएचं. शाळेचं वृत्तपत्र होतं, टीव्ही स्टुडिओ होता. डेव्हिड हॉग त्यातलाच. गोळीबार चालू असताना तो एका अंधाऱ्या खोलीत फोनवर वर्गमित्रांच्या मुलाखती रेकॉर्ड करत होता. दुसऱ्या दिवशी सीएनएनवर तो नेत्यांना म्हणाला, की आम्ही मुलं आहोत, मोठे तुम्ही आहात. १७ फेब्रुवारीला फोर्ट लॉडरडेलच्या कोर्टासमोर एमा गोन्झालेझ यांनी (आता ते एक्स गोन्झालेझ हे नाव लावतात) वर्गातल्या टिपणांच्या कागदांवरून भाषण वाचलं. नेत्यांचं एकेक वाक्य घ्यायचं आणि 'वुई कॉल बीएस' म्हणायचं, म्हणजे 'सगळ्या थापा!'. गर्दी मागून तेच ओरडत होती. नाटकात काम करणारा कॅमरन कास्की आपल्या घरच्या दिवाणखान्यात मित्रांना जमवून हॅशटॅग काढत होता. जॅकलिन कॉरिन ही वर्गप्रमुख टॅलाहासीच्या बसगाड्या ठरवत होती. ट्विटरवर या मुलांशी भांडायला गेलेल्या चाळिशीतल्या माणसांची फे-फे उडाली ती उगाच नाही.

जाता जाता, शाळेला जिचं नाव आहे ती मार्जरी स्टोनमन डग्लस ही फ्लोरिडाची पत्रकार. एव्हरग्लेड्सची पाणथळ वाचवायला तिने संघटना काढली तेव्हा ती ७९ वर्षांची होती, आणि १०८ वर्षं जगली. शाळेत नावाची पाटी असते, पण ती बाई कोण हे फार कमी पोरांना ठाऊक असतं. या पोरांना ठाऊक होतं.

पुढचं बरंच वाचकांना माहीत असेल. १४ मार्चला देशभर मुलं १७ मिनिटं वर्गाबाहेर पडली. २४ मार्चला वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर 'मार्च फॉर अवर लाइव्ह्ज', आणि जगभर आठशेहून अधिक मोर्चे. पैसा नटनट्यांनी दिला, परवानग्या आणि मंडपाची कामं जुन्या संघटनांनी सांभाळली. गोन्झालेझ व्यासपीठावर मृतांची नावं घेऊन गप्प उभे राहिले. लोकांना कळेना, टाळ्या वाजवायच्या की काय. घड्याळ वाजलं तेव्हा ६ मिनिटं २० सेकंद झाली होती, मारेकऱ्याला लागली तेवढी. व्हर्जिनियाची ११ वर्षांची नेओमी वॉडलर म्हणाली, मी त्या कृष्णवर्णीय मुलींसाठी आले आहे ज्यांच्या बातम्या पहिल्या पानावर येत नाहीत. लॉस एंजेलिसच्या एडना चावेझने सांगितलं, वाचायला शिकण्याआधी मी गोळ्या चुकवायला शिकले.

किंमतही मोजावी लागली. ही मुलं भाड्याने आणलेले नट आहेत ही अफवा आठवड्याच्या आत पसरली. फ्लोरिडाच्या एका आमदाराच्या सहायकाने ती पत्रकाराला कळवली, आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. हॉगच्या घरी धमक्या आल्या. वर्षभराने, मार्च २०१९ मध्ये, वाचलेल्यांपैकी दोघांनी आठवडाभराच्या अंतराने स्वतःचं जीवन संपवलं. चळवळीच्या कौतुकात हे बहुतेक वेळा गाळलं जातं. सोळाव्या वर्षी मित्राचं प्रेत ओलांडून बाहेर आलेल्या मुलाने रोज टीव्हीवर तेच पुन्हा सांगावं, ही अपेक्षाच मुळात क्रूर नव्हती का?

हिशेब मांडायचा तर तो सरळ नाही. १८ ते २९ वयोगटाचं मतदान २०१४ मध्ये २० टक्के होतं, २०१८ मध्ये ३६ टक्के. खेळसाहित्याच्या 'डिक्स स्पोर्टिंग गुड्स' या दुकानसाखळीने अशा रायफली विकणं थांबवलं, वॉलमार्टने बंदूक विकत घ्यायचं वय २१ केलं. बंदुकीच्या हिंसेवरील संशोधनाला वीसहून अधिक वर्षांनी केंद्राचे २.५ कोटी डॉलर मिळाले. केंद्रीय कायदा व्हायला मात्र आणखी एक शाळा लागली : मे २०२२, टेक्सासमधलं युवाल्डी, १९ मुलं आणि २ शिक्षिका. महिनाभराने बायडन यांनी सही केली, आणि २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची तपासणी कडक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्च फॉर अवर लाइव्ह्जचा संघटक मॅक्सवेल फ्रॉस्ट २५व्या वर्षी ऑर्लँडोतून काँग्रेसवर निवडून आला. पण ज्या 'बंप स्टॉक'वर केंद्राने २०१८ मध्ये बंदी घातली, ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली.

फ्लोरिडाच्या त्या कायद्याचं काय झालं? एनआरएचा दावा सात वर्षं चालला. १४ मार्च २०२५ ला केंद्रीय अपील न्यायालयाने ८ विरुद्ध ४ मतांनी २१ वर्षांची अट कायम ठेवली. दोन आठवडेही उलटले नाहीत, तोच फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाने वय पुन्हा १८ वर आणणारं विधेयक मंजूर केलं. असं ते त्याआधीही करत आलं होतं. १७ एप्रिलला टॅलाहासीतल्याच फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, दोघं गेली. त्या दिवशी कॅम्पसवर लपून बसलेल्या विद्यार्थ्यांत काही पार्कलँडची मुलं होती, २०१८ मध्ये शाळकरी असलेली. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. विद्यार्थी पुन्हा तिथे गेले. वय खाली आणणारं विधेयक त्या अधिवेशनात राज्याच्या सिनेटमधून पुढे सरकलं नाही.